खाटेशेजारचे माणूस

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या आपल्या हिंगोली जिल्ह्याला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभले. मराठवाड्यातील एका मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही घटना आनंदाची आहे, यात शंका नाही. अभिनंदनाचे फलक लागले, श्रेयाची वाटणी झाली, आणि आता काही वर्षांनी आपल्याकडे डॉक्टर तयार होतील अशी आशा सर्वांच्या मनात आहे. ती रास्तच आहे. परंतु ज्याने कधी रुग्णालयाच्या वॉर्डात सलग चार रात्री काढल्या आहेत, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. रुग्णाच्या चोवीस तासांपैकी डॉक्टरांच्या वाट्याला फार तर दहा मिनिटे येतात. उरलेला सारा वेळ परिचारिकेचा आणि खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकाचा असतो. परिचारिकांची संख्या अपुरी आहे याविषयी निदान अधूनमधून लिहिले तरी जाते. खाटेशेजारच्या माणसाविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. जणू ते माणूस तिथे नसतेच.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारल्यास उत्तर इतकेच की, २०२२ च्या पावसाळ्यात माझी आई अंगणात घसरून पडली, तिच्या खुब्याचे हाड मोडले, आणि एका मोठ्या रुग्णालयात आम्ही अकरा दिवस काढले. त्या अकरा दिवसांत मला जे कळले ते वीस वर्षांच्या अध्यापनात कळले नव्हते.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा राऊंड आला तेव्हा ‘पेशंटसोबत कोण आहे?’ असा प्रश्न झाला आणि सवयीने मी पुढे झालो. मी नुकताच गोरेगावहून पहिल्या गाडीने पोहोचलो होतो. ‘रात्री झोप नीट झाली नाही,’ एवढे मी सांगितले. कारण मला तेवढेच ठाऊक होते. वय झाले आहे, शस्त्रक्रियेनंतर असे होते, असे सांगून राऊंड पुढे गेला. माझ्या मागे डबा हातात धरून माझी पत्नी उभी होती. आदल्या दिवसापासून आई भिंतीकडे पाहून कोणाशी तरी बोलत होती, वीस वर्षांपूर्वी मेलेल्या बैलाला हाक मारीत होती, पाणी पुढे केले तर तोंड फिरवीत होती. हे सारे पत्नीने पाहिले होते. तिला कोणी विचारले नाही आणि आपण होऊन बोलण्याची तिची टाप नव्हती. विचारायला हवे होते ते मी, पण मीही विचारले नाही.

त्या रात्री पाळीवर आलेल्या सिस्टरांनी मात्र विचारले. सलाईन बदलता बदलता त्या म्हणाल्या, ‘‘ताई, आजी घरी अशाच बोलतात का?’’ पत्नी म्हणाली, ‘‘नाही हो सिस्टर. घरी त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का असतो. कालपासून आत्याबाई मला ओळखतच नाहीत.’’ सिस्टरांनी तेवढे ऐकले, नाडी पाहिली, श्वास मोजले, लघवी किती झाली ते विचारले आणि ड्यूटीवरील तरुण डॉक्टरांना बोलावून आणले. रात्रीच रक्त तपासले गेले. रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरले होते. उपचार सुरू झाले आणि दोन दिवसांनी आईने पत्नीला नावाने हाक मारली. सकाळच्या कागदावर मात्र ‘वृद्ध, झोपाळू’ एवढीच नोंद होती.

यात मी कोणाला दोष देत नाही. द्यायचाच तर पहिला दोष माझ्या वाट्याला येतो. पण या प्रसंगातून जी गोष्ट डोळ्यांसमोर आली ती एका कुटुंबापुरती नाही. आपल्याकडे रुग्णाच्या कागदांवर सही करणारे माणूस आणि रुग्णाजवळ बसणारे माणूस ही बहुधा दोन वेगळी माणसे असतात. सही करणारा पुरुष असतो, त्याला चार इंग्रजी शब्द येतात, तो राऊंडच्या वेळी हजर असतो. म्हणून सारी माहिती त्याला दिली जाते आणि त्याच्याकडूनच घेतली जाते. बसणारी बाई असते. रुग्णाने किती घास खाल्ले, कोणत्या कुशीवर कण्हला, रात्री किती वेळा उठला, हे तिला माहीत असते. थोडक्यात, ज्याला काही ठाऊक नाही त्याला विचारायचे आणि जिला ठाऊक आहे तिला डबा आणावयास पिटाळायचे, अशी आपली रीत पडून गेली आहे.

परिचर्येच्या शास्त्रात रुग्णाची पाहणी ही पहिली पायरी मानली जाते. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब हे तर मोजायचेच. परंतु त्याबरोबर रुग्णाचे बोलणे, खाणे, झोप, वेदना आणि मनःस्थिती यांची माहिती रुग्णाकडून व नातेवाइकांकडून घ्यावी, असे प्रत्येक परिचारिका विद्यार्थिदशेत शिकते. यात नातेवाइकांचा उल्लेख शिष्टाचार म्हणून केलेला नाही. आकडा एका क्षणाचा असतो. तुलना करायला कालचे काही हवे असते, आणि रुग्णाचे ‘काल’ रुग्णालयाजवळ नसते, ते घरच्यांजवळ असते. ऐंशीची नाडी एखाद्याला साधारण असेल, एखाद्याला नसेल. ‘ही अशी नाही हो’ हे वाक्य कोणत्याही यंत्रावर उमटत नाही.

आधुनिक परिचर्येची जननी म्हणून जिचे नाव घेतले जाते त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या अखेरीस परिचर्येवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. ते परिचारिकांचे पाठ्यपुस्तक असावे अशी आपली समजूत असते. वस्तुतः ते परिचारिकांना परिचर्या शिकविण्याचे नियमपुस्तक नव्हे, असे त्यांनी प्रारंभीच स्पष्ट केले होते. घरोघरी आजारी माणसांची काळजी वाहणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी ते लिहिले, आणि त्यात रुग्णाचे निरीक्षण कसे करावे यावर एक स्वतंत्र प्रकरण घातले. म्हणजे ज्या शास्त्राची आज पदवी घ्यावी लागते, त्याच्या पहिल्या वाचक घरातल्या बायका होत्या.

पुढे पश्चिमेत रुग्णालये वाढली, शिस्त कडक झाली आणि त्या शिस्तीत घरच्या माणसांना बाहेर काढण्यात आले. लहान मुलांना भेटण्यासही आठवड्याला ठराविक तास असत. १९५९ साली ब्रिटनमधील प्लॅट समितीने आईवडिलांना मुलांजवळ मोकळेपणाने येऊ द्यावे अशी शिफारस केली तेव्हा कोठे ही भिंत खचू लागली. ‘कुटुंबकेंद्री परिचर्या’ हा आज तिकडे प्रचलित असलेला शब्द या परतीच्या प्रवासात जन्मला. तो प्रवास अद्याप संपलेला नाही. २०२१ मध्ये लंडनमध्ये मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी रक्तातील जंतुसंसर्गाने दगावली. तिची प्रकृती ढासळते आहे असे आईवडील सांगत होते, पण त्यांच्या सांगण्याला पुरेसे वजन दिले गेले नाही. त्यानंतर २०२४ पासून इंग्लंडमधील रुग्णालयांत ‘मार्थाचा नियम’ येऊ लागला. नातेवाइकांना शंका आली तर दुसऱ्या पथकाकडून तातडीची तपासणी मागण्याचा हक्क त्याने दिला.

आपली गोष्ट उलटी आहे. आपण घरच्यांना कधी बाहेर काढलेच नाही, कारण काढणे परवडणारे नव्हते. स्ट्रेचर ढकलणे, रक्ताची बाटली आणणे, भांडे देणे, अंग पुसणे, सलाईन संपत आले की धावत जाऊन सांगणे ही सारी कामे नातेवाईकच करतात. हे माणूस नसेल तर आपली सार्वजनिक रुग्णालये एक दिवसही चालणार नाहीत. आणि तरीही त्याला बसायला स्टूल नाही, झोपायला वऱ्हांड्याची फरशी, आणि राऊंडच्या वेळी ‘सगळे बाहेर व्हा’ अशी आज्ञा. पश्चिमेला कुटुंब परत बोलवावे लागले. आपल्याला फक्त समोर बसलेल्याची ओळख करून घ्यायची आहे. पण हेच काम अवघड दिसते.

खाटेशेजारी बसणाऱ्याच्या शब्दाला कायद्याने मान दिल्याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अत्याचार झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरविले, न्हाऊ घातले, कुशीवर वळविले. दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा, मार्च २०११ च्या निकालात, न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार अर्जदार लेखिकेचा नव्हे तर के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांचा मानला. कारण त्यांनीच त्यांना रात्रंदिवस सांभाळले होते. इतकी वर्षे पडून राहिलेल्या देहावर शय्याव्रण नाही, ही गोष्टही त्या वेळी नमूद झाली. दयामरणाच्या वादात ती बाजूला पडली, पण मला ती सर्वांत बोलकी वाटते. जो सांभाळतो त्याचे ऐका, हे सर्वोच्च न्यायालयाला पटले. वॉर्डात ते अजून पोहोचायचे आहे.

आता थोडे माझ्या विषयाकडे वळतो. पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली एक कोडे मांडले होते, जे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो आणि विद्यार्थी दरवर्षी हसतात. एखाद्याने आपल्या पगारी घरकामकरणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते; काम तेच, करणारी तीच, पण पगार थांबल्यामुळे ते काम हिशेबातून गळते. खाटेशेजारच्या बाईचे असेच आहे. परिचारिकेने अंग पुसले तर ते राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते, सुनेने पुसले तर नाही. २०२४ च्या राष्ट्रीय काळवापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची काळजी घेण्याच्या कामात होत्या, तर पुरुष सुमारे २१ टक्के. आणि या कामात असलेल्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी १४० मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ७४. यात मुलांचे संगोपनही आले, हे खरे. तरी तराजू कोणीकडे झुकतो ते दिसते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागात बाळंतपण वगळता रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी ठिकाणी सुमारे ४,३०० रुपये आणि खासगीत सुमारे २७,३०० रुपये निघाला. या आकड्यांत औषधे, तपासण्या, खाट हे सारे आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत सासूजवळ बसलेल्या बाईची बुडालेली मजुरी त्यात नाही.

आमच्या गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीककर्ज फिटत नाही म्हणून मूत्रपिंड, यकृत आणि डोळे यांचे दर लिहून ते विक्रीस असल्याचे पत्र मुख्यमंत्र्यांना पाठविले होते. वाचकांना ती बातमी आठवत असेल. शरीराच्या अवयवांचेही दरपत्रक निघू शकते अशा या काळात, त्याच शरीराची रात्र रात्र जागून राखण करण्याचा दर मात्र शून्य आहे.

परंतु केवळ नातेवाइकांचे गुणगान करून हा प्रश्न सुटणार नाही, आणि येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. ‘घरच्यांना सामील करून घ्या’ हे वाक्य शासनाच्या कानी गोड लागण्याचा धोका आहे. घरचे फुकट करीत असतील तर परिचारिकांची पदे भरा कशाला, असा हिशेब कोणी उघडपणे मांडणार नाही, पण फाइलींतून तो होतोच. अर्थशास्त्रात दोन वस्तू परस्परांची जागा घेणाऱ्या असतात, जसे चहा आणि कॉफी; किंवा एकमेकींना पूरक असतात, जसे चहा आणि साखर. परिचारिका आणि नातेवाईक यांचे नाते चहा-साखरेचे आहे. नातेवाइकाला विचारण्यास, शिकविण्यास, त्याने केलेले तपासून पाहण्यास परिचारिकेलाच वेळ लागतो. तो कोठून येणार? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दर तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. आमच्या वॉर्डात त्या रात्री चाळीसजण होते आणि सिस्टर एक. रात्रपाळी बारा तासांची धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला अठरा मिनिटे येतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. एका वेळेस पाच मिनिटे धरली तरी रात्रीतून सहा वेळांची तीस मिनिटे होतात. म्हणजे औषधे, इंजेक्शने आणि रजिस्टरे सारे सोडून दिले तरी निव्वळ कूस बदलण्यालाच वेळ पुरत नाही. हे गणित पाचवीतल्या मुलालाही सुटेल. अशा स्थितीत त्या बाईंनी थांबून एक प्रश्न विचारला, याचेच नवल वाटते.

हिंगोलीचा गंभीर रुग्ण नांदेडला जातो. तेथील शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर २०२३ पासून अठ्ठेचाळीस तासांत ३१ रुग्ण दगावले, त्यांत १६ बालके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांची माहिती मागितली. पण लोकांच्या स्मरणात राहिले ते एका लोकप्रतिनिधीने अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करावयास लावल्याचे दृश्य. संतापाला एक माणूस समोर लागतो, रिक्त पदाला चेहरा नसतो.

दुसरी बाजू अशी की, घरच्यांना आणि साध्या माणसांना पाहणी शिकविली तर काय होते, याचा पुरावा महाराष्ट्रानेच जगाला दिला आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातील निरक्षर बायांना आरोग्यसेविका केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची पाहणी शिकविली. बाळ दूध ओढते का, अंग गार आहे का, रडणे क्षीण झाले का, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक आहे का, एवढेच पाहायचे. त्या घरी जात, आईला आणि आजीला तेच दाखवीत, आणि जंतुसंसर्गाची चिन्हे दिसली तर इंजेक्शनही देत. नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने १९९९ मध्ये हे प्रसिद्ध केले आणि पुढे केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत हा कार्यक्रम देशभर नेला. दर बाळामागे खर्च आला सुमारे पाच डॉलर. श्वास मोजायला पदवी लागत नाही. काय मोजायचे आणि कोणाला सांगायचे हे कोणीतरी शिकवावे लागते.

रुग्णालयाच्या आतही हे होऊ शकते. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास काचपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉ. एडगर रे यांनी अशक्त बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. गरिबांची तडजोड म्हणून सुरू झालेली ही पद्धत जन्मताच लागू केली तर काय होते, हे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत तपासले गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अशा बाळांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलेले दिसले. त्यासाठी आईला अतिदक्षता कक्षात चोवीस तास खाट द्यावी लागली. आपल्या केंद्र शासनानेही २०१७ मध्ये नवजात कक्षांत आईवडिलांना प्रशिक्षण देऊन काळजीत सहभागी करून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. जे बाळासाठी मान्य झाले ते म्हाताऱ्या आईसाठी का नको?

माझ्या आईला घरी सोडले तेव्हा आमच्या हाती एक कार्ड देण्यात आले. ते इंग्रजीत होते. मी पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस. त्यातील निम्मी संक्षिप्त रूपे मला लागली नाहीत. पत्नीला ते वाचताच येणार नव्हते, आणि करायचे सगळे तिलाच होते. कूस किती वेळाने बदलायची, माकडहाडावरची कातडी लाल दिसली तर काय करायचे, याविषयी एक शब्द नव्हता. नवव्या दिवशी पाठीखाली जखम दिसली. ती भरायला तीन महिने लागले. आमच्या गावातील परिचारिकाबाईंनी ड्रेसिंग करताना पत्नीच्या हातून सारे करून घेतले, चुकले तेथे पुन्हा करून घेतले. त्यानंतर पत्नीने माझ्या जुन्या शंभरपानी वहीत रेघा मारून रकाने पाडले. वेळ, कूस, पाणी, लघवी, जेवण, आणि शेवटी ‘आज काय वेगळे’. हा शेवटचा रकाना तिने स्वतःच्या बुद्धीने घातला होता.

नव्या महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे माझे मागणे यापेक्षा मोठे नाही. प्रत्येक पाळीत परिचारिकेने बसणाऱ्या माणसाला एकदा विचारावे, कालच्यापेक्षा आज काय वेगळे वाटते, आणि उत्तर मराठीत कागदावर लिहावे. तो कागद सकाळी डॉक्टरांनी पाहावा. घरी सोडण्याचे कार्ड मराठीत असावे, आणि सही घेण्यापूर्वी जे घरी करायचे ते घरी करणाऱ्याकडून एकदा करवून घ्यावे. रात्री पाठ टेकायला जागा द्यावी. आणि हे सारे करण्यासाठी परिचारिकांची मंजूर पदे, इमारतीच्या रंगकामाआधी, भरावीत. खर्चाचा मुद्दा फक्त शेवटच्या दोन गोष्टींत येतो. पहिल्या दोहोंना कागद आणि इच्छा यांपलीकडे काही लागत नाही, असे मी म्हणणार होतो, पण ते खरे नाही. त्यांनाही त्या अठरा मिनिटांतूनच वेळ काढावा लागणार आहे.

आई पुढे दीड वर्ष जगली, काठी घेऊन अंगणात हिंडली, हळदीच्या भावावरून माझ्याशी वाद घालीत राहिली. पत्नीची वही सध्या आमच्याकडे नाही. गल्लीतल्या एका आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यांची सून ती मागून घेऊन गेली आहे.